गृहीत धरलेली मतं



आजचा विषय अमेरिकेतल्या निवडणुकांचा आहे हे पत्रिकेत वाचून काहींनी मला आधीच हटकलं. आपल्याकडे निवडणुकांचा दुष्काळ पडलाय का, असा एकंदर सूर होता. दुष्काळ नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण दुसऱ्याच्या घरातलं भांडण आपण जरा शांत डोक्याने पाहतो. शिवाय तिथे एक सोय आहे. पक्षाचा उमेदवार कोण, हे तिथे राजधानीतल्या बंगल्यावर ठरत नाही. पक्षाचे मतदारच प्राथमिक निवडणुकीत, म्हणजे प्रायमरीत, तो ठरवतात. त्यामुळे एकाच पक्षातल्या दोन विचारांपैकी कोणता विचार कोणत्या मतदाराला पटला, हे आकड्यांसकट उघड्यावर येतं. पुरोगामी उमेदवाराला अल्पसंख्याक मतदार का लागतो आणि लागत असूनही तो त्याच्याकडे का येत नाही, हा माझा आजचा प्रश्न. त्याचा अभ्यास करायला यापेक्षा बरी जागा मला माहीत नाही.

८ मार्च २०१६ हा दिवस घेऊ. डेमोक्रॅटिक पक्षाची अध्यक्षपदाची उमेदवारी हिलरी क्लिंटन मागत होत्या आणि बर्नी सँडर्सही. त्या दिवशी मिशिगन आणि मिसिसिपी या दोन्ही राज्यांत मतदान होतं. मिशिगनमध्ये सगळ्या जनमत चाचण्या खोट्या पाडून सँडर्स जेमतेम दीड टक्क्याने जिंकले. त्यांच्या तरुण कार्यकर्त्यांनी रात्र जागवली. मिसिसिपीत क्लिंटन यांना ८२ टक्क्यांहून अधिक मतं पडली होती, तिकडे त्या रात्री फारसं कोणी पाहिलं नाही. आता पक्षाच्या अधिवेशनाला जाणाऱ्या प्रतिनिधींचा हिशेब करा. मिशिगनचे १३० प्रतिनिधी ६७ विरुद्ध ६३ असे वाटले गेले. सँडर्स यांच्या पदरात आघाडी पडली चारची. मिसिसिपीचे प्रतिनिधी अवघे ३६. त्यांतले ३१ क्लिंटन यांना, ५ सँडर्स यांना. तूट सव्वीसची. एक बडं औद्योगिक राज्य जिंकून जे कमावलं, त्याच्या साडेसहापट त्याच संध्याकाळी एका गरीब दक्षिणी राज्याने काढून घेतलं. मिसिसिपीतले बहुसंख्य डेमोक्रॅटिक मतदार कृष्णवर्णीय आहेत.

हा अपघात नव्हता. महिनाभर आधी न्यू हॅम्पशायर या जवळपास पूर्ण गोऱ्या राज्यात सँडर्स यांनी ६० टक्के मतं घेतली होती. फेब्रुवारीच्या अखेरीस साउथ कॅरोलिनात त्यांना २६ टक्के मिळाली, क्लिंटन यांना ७३. मतदान केंद्राबाहेरच्या पाहणीनुसार तिथल्या कृष्णवर्णीय मतदारांत हे प्रमाण ८६ विरुद्ध १४ असं होतं. आणि हे कोणत्या उमेदवाराचं? सर्वांना सरकारी आरोग्यविमा, मोफत महाविद्यालयीन शिक्षण, तासाला १५ डॉलर किमान वेतन मागणाऱ्याचं. शिकागो विद्यापीठात शिकताना वर्णभेदाविरुद्ध धरणं धरणाऱ्याचं, १९६३ मध्ये तिथल्या शाळांतल्या विभक्ततेविरुद्धच्या आंदोलनात अटक झालेल्याचं. कागदावर पाहिलं तर कृष्णवर्णीय मतदाराच्या गरजा समोर ठेवूनच हा उमेदवार घडवलाय असं वाटावं. तरीही १४ टक्के.

तेव्हा सँडर्स यांच्या काही गोऱ्या समर्थकांनी याचं उत्तर तडकाफडकी दिलं: या लोकांना माहिती कमी आहे, स्वतःचं हित कशात आहे ते त्यांना कळत नाही. हे वाक्य तुम्ही-आम्हीही ऐकलेलं आहे. निवडणुकीच्या निकालानंतर पुण्या-मुंबईतल्या चांगल्या चांगल्या दिवाणखान्यांत ते म्हटलं जातं. मतदाराने मत दिलं नाही की दोष मतदाराच्या अकलेला. दुकानात गिऱ्हाईक आलं नाही म्हणून गिऱ्हाइकाला मूर्ख ठरवणारा दुकानदार फार दिवस टिकत नाही. राजकारणात मात्र अशी माणसं पिढ्यानपिढ्या टिकतात.

खरं कारण समजायला १९३५ पर्यंत मागे जावं लागतं. त्या वर्षी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी सामाजिक सुरक्षेचा कायदा केला. म्हातारपणी पेन्शन, बेकारीत भत्ता. अमेरिकेतल्या पुरोगाम्यांचा हा सर्वांत मोठा पराक्रम, आणि तो पराक्रम आहेच. पण त्यातून वगळलेल्या धंद्यांत हे दोन होते: शेतमजुरी आणि घरकाम. त्या काळच्या दक्षिणेत कृष्णवर्णीय पुरुष प्रामुख्याने दुसऱ्याच्या शेतावर राबत होता आणि बाई दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात. देशभरातल्या बहुसंख्य कृष्णवर्णीय कामगारांना तो कायदा त्यामुळे लागूच झाला नाही. हे दक्षिणेतल्या जमीनदारांच्या दबावाने झालं की अशा कामगारांकडून वर्गणी वसूल करणं अवघड होतं म्हणून झालं, यावर इतिहासकारांचा वाद आहे. वाद खुशाल चालू द्या. ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्याची पोरं सांभाळली आणि शेवटी जिला पेन्शन नव्हती, तिच्या नातीला त्या वादात रस नाही. ‘सर्वांसाठी’ असलेल्या योजनेचं दार आपल्यापाशी येऊन बंद झालं, एवढं तिच्या घरात माहीत आहे. १९५० आणि १९५४ च्या दुरुस्त्यांनंतर ते दार हळूहळू उघडलं.

ही गोष्ट सांगताना मला मुंबईच्या गिरण्या आठवल्यावाचून राहत नाहीत. १९२८ चा सार्वत्रिक संप. गिरणगाव सहा महिने बंद होतं. लाल बावट्याच्या पुढाऱ्यांचं म्हणणं रास्त होतं: कामगार तेवढा एक. पण साचाखात्यात, जिथे पगार सर्वांत चांगला, तिथे अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. कारण काय? धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचं सूत धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावं लागे. ज्या धोट्याला महाराने तोंड लावलं त्याला आपण कसं लावायचं, हा सवर्ण कामगाराचा प्रश्न. हा नियम मालकाने घातलेला नव्हता. तो कामगारांनी कामगारांवर लादला होता. बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना विचारलं की तुमच्या मागण्यांत ही मागणी आहे का? ती नव्हती. आमची माणसं संपात नकोत का, असा पेच उभा राहिला तेव्हा ती मागणी यादीत आली, तीही नाखुशीने. पुढच्याच वर्षीच्या संपाला बाबासाहेबांनी विरोध केला. त्यावरून त्यांना कामगारद्रोही म्हणणारे तेव्हाही होते. पण त्याच बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध एकदिवसीय संपात खांद्याला खांदा लावून उतरले. मधली दहा वर्षं गेली. माझ्या मते या दहा वर्षांचा इतिहास पुरोगामी पक्षांच्या प्रत्येक शिबिरात शिकवायला हवा, पण तिथे अजून ‘आधी वर्ग की आधी जात’ याच वादावर जेवणाची वेळ होते.

सिअॅटलला ८ ऑगस्ट २०१५ रोजी जे घडलं ते या पार्श्वभूमीवर पाहा. वेस्टलेक पार्कमध्ये दुपारची सभा. निमित्त होतं सामाजिक सुरक्षा कायद्याला झालेल्या ८० वर्षांचं, त्याच १९३५ च्या कायद्याचं. सँडर्स ध्वनिक्षेपकासमोर आले, आभाराचे दोन शब्द बोलले, तेवढ्यात ‘ब्लॅक लाइव्ज मॅटर’ चळवळीच्या दोन तरुण कृष्णवर्णीय मुली मंचावर चढल्या आणि त्यांनी ध्वनिक्षेपक ताब्यात घेतला. दुसऱ्या दिवशी फर्ग्युसन शहरात पोलिसाच्या गोळीने मारल्या गेलेल्या मायकेल ब्राऊन या कृष्णवर्णीय तरुणाचं वर्षश्राद्ध होतं. त्याचा मृतदेह चार तासांहून अधिक वेळ रस्त्यावर पडून होता. त्याच्यासाठी साडेचार मिनिटं शांत उभं राहा, असं त्या म्हणाल्या. बहुतांशी गोऱ्या, उदारमतवादी, सँडर्सप्रेमी गर्दीतून हुर्यो उठली. काही जण ओरडत होते की यांना अटक करा. सँडर्स बाजूला उभे राहिले आणि शेवटी भाषण न करताच लोकांत मिसळून निघून गेले.

त्या मुलींची पद्धत मला पटत नाही. आपल्याशी त्यातल्या त्यात सहानुभूती असलेल्या माणसाचीच सभा उधळायची, यात कसला पराक्रम? पण त्या दुपारचा विरोधाभास डोळ्यांआड करता येत नाही. ज्या कायद्याने त्या मुलींच्या पणज्यांना वगळलं, त्याच्या वाढदिवसाला जमलेली गर्दी त्यांना गप्प बसायला सांगत होती. एक मात्र सँडर्स यांच्या पदरात टाकायला हवं. ते रुसले नाहीत. दोन दिवसांच्या आत त्यांनी वांशिक न्यायाचा स्वतंत्र जाहीरनामा काढला आणि एका तरुण कृष्णवर्णीय बाईंना राष्ट्रीय प्रसिद्धिप्रमुख म्हणून नेमलं. उशीर झाला होता, इतकंच. व्हरमाँटसारख्या राज्यात, जिथे कृष्णवर्णीय लोकसंख्या नगण्य, तिथे तीस-पस्तीस वर्षं राजकारण केल्यावर हे काम दोन दिवसांत होत नाही. त्याच व्हरमाँटचे माजी गव्हर्नर हॉवर्ड डीन २००४ मध्ये उमेदवारीच्या शर्यतीत पुरोगाम्यांचे लाडके होते. वादसभेत कृष्णवर्णीय नेते अॅल शार्पटन यांनी त्यांना विचारलं की गव्हर्नर असताना तुमच्या मंत्रिमंडळात कोणी कृष्णवर्णीय होतं का? नव्हतं.

आता कारणाची दुसरी बाजू, आणि माझ्या लेखी तीच जास्त महत्त्वाची. अल्पसंख्याक मतदाराचं मत हे बऱ्याचदा विमा असतं. निवडणूक हरली तर ज्याच्या घरावर दगड येणार नाही, ज्याच्या मुलाला पोलीस रस्त्यात अडवणार नाहीत, त्याला धाडसी उमेदवार परवडतो. ज्याला हे सगळं भोगावं लागणार, तो आधी विचारतो: हा जिंकेल का? बाकीचे याला मत देतील का? साउथ कॅरोलिनातल्या साठीच्या कृष्णवर्णीय बाईने, आणि अशा बायाच तिथे सर्वांत नेमाने मतदानाला जातात, स्वतःच्या डोळ्यांदेखत १९६५ चा मताधिकार कायदा आलेला पाहिला आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची नखं काढलेलीही पाहिली. मिळालेलं परत जाऊ शकतं हे तिला पुस्तकातून शिकावं लागत नाही. २००८ ची गोष्ट आठवा. बराक ओबामा स्वतः कृष्णवर्णीय, तरी आधीचे कित्येक महिने अनेक कृष्णवर्णीय नेते आणि मतदार क्लिंटन यांच्याच बाजूला होते. ३ जानेवारीला आयोवातल्या गोऱ्या मतदारांनी ओबामांना जिंकून दिलं, तेव्हा पारडं फिरलं. २६ जानेवारीला साउथ कॅरोलिनात ओबामांना ५५ टक्के मतं होती, क्लिंटन यांना २७. याला कोणी भावनेचं मतदान म्हणणार असेल तर म्हणो बापडा. मला तो थंड डोक्याने मांडलेला हिशेब दिसतो.

आणि हा मतदार आपल्या मताची किंमतही वसूल करून घेतो. २०२० मध्ये पहिल्या तीन राज्यांत मार खाऊन जो बायडन साउथ कॅरोलिनात पोचले तेव्हा त्यांची मोहीम जवळजवळ संपली होती. तिथले खासदार जिम क्लायबर्न यांनी त्यांना गळ घातली की सर्वोच्च न्यायालयावर कृष्णवर्णीय स्त्री नेमण्याचं वचन द्या. २५ फेब्रुवारीच्या वादसभेत बायडन यांनी ते दिलं. २६ ला क्लायबर्न यांनी पाठिंबा जाहीर केला. २९ ला बायडन सुमारे ४९ टक्के मतं घेऊन जिंकले, सँडर्स २० वर अडकले. तीन दिवसांनी, एकाच दिवशी मतदान झालेल्या चौदा राज्यांपैकी दहा बायडन यांच्या खिशात होती. २०२२ मध्ये केतनजी ब्राऊन जॅक्सन यांची न्यायाधीश म्हणून निवड झाली. वचन दिलं आणि पाळलं. आमच्याकडे याला कुणी सौदेबाजी म्हणून नाक मुरडेल. साखर कारखान्यासाठी, पाण्यासाठी, धरणासाठी मतांचा सौदा केला की ते नेतृत्व ठरतं आणि वस्तीने तेच केलं की मतपेढी, हा न्याय काही मला समजलेला नाही.

सँडर्स यांना हे अजिबात जमलं नाही असंही नाही. त्याच २०२० मध्ये, साउथ कॅरोलिनाच्या एक आठवडा आधी, नेवाडात त्यांनी दणदणीत विजय मिळवला. तो लॅटिनो मतदारांच्या बळावर. लास वेगासच्या हॉटेलांत गाद्या घालणाऱ्या, भांडी घासणाऱ्या, पेयं वाढणाऱ्या कामगारांची तिथे मोठी ताकदवान युनियन आहे. तिने लढून मिळवलेला स्वतःचा उत्तम आरोग्यविमा आहे. सँडर्स आले तर तुमचा विमा जाईल, अशी पत्रकं युनियनच्या नेतृत्वाने वाटली होती. तरीही मोठमोठ्या कॅसिनोंत कामाच्या मधल्या वेळेत भरलेल्या मतदान-सभांत गणवेशातल्याच बाया सँडर्स यांच्या कोपऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या. कारण या खेपेस सँडर्स यांच्या माणसांनी कित्येक महिने आधी लॅटिनो वस्त्यांत कचेऱ्या थाटल्या होत्या, त्या वस्त्यांतलीच पोरं पगारावर घेतली होती, त्यांच्या घरच्या बोलीत दारं ठोठावली होती. लोक त्यांना ‘तिओ बर्नी’ म्हणू लागले, म्हणजे बर्नीकाका. स्वतःच्या घरात विमा असलेली बाई ज्यांच्याकडे नाही अशा चुलतभावासाठी, शेजारणीसाठी मत देते, हे कोणत्याही पुरोगामी माणसाचं स्वप्न. ते तिथे प्रत्यक्षात आलं होतं.

आणि दोनच आठवड्यांनी पुन्हा जुनी खोड. मार्चच्या पहिल्या आठवड्यात सँडर्स यांचा मिसिसिपीतल्या जॅक्सन शहराचा दौरा ठरला होता. तो रद्द करून ते मिशिगनला गेले, कारण तिथे जिंकायची आशा होती. १० मार्चला मिशिगनही गेलं आणि मिसिसिपीचे ३६ प्रतिनिधी ३४ विरुद्ध २ असे वाटले गेले. ८ एप्रिलला त्यांनी माघार घेतली.

इथे एक गंमत सांगायची राहून जाईल. मतांच्या प्रमाणात प्रतिनिधी वाटायची ही पद्धत, जिने सँडर्स यांचं दक्षिणेत पानिपत केलं, ती डेमोक्रॅटिक पक्षात पक्की कोणी करवून घेतली? कृष्णवर्णीय नेते जेसी जॅक्सन यांनी. १९८८ मध्ये ते अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी लढले, सत्तर लाखांच्या आसपास मतं घेतली, हरले, आणि हरताना मायकेल डुकाकिस यांच्याकडून हा नियम पदरात पाडून घेतला. हरणाऱ्यालाही वाटा मिळावा म्हणून. त्याच नियमाने २००८ मध्ये ओबामांना तारलं. २०१६ मध्ये सँडर्स जूनपर्यंत शर्यतीत टिकले तेही याच नियमामुळे. आणि १९८८ मध्ये जॅक्सन यांच्या बाजूने उघडपणे उभ्या राहिलेल्या मोजक्या गोऱ्या लोकप्रतिनिधींत बर्लिंग्टनचे महापौर सँडर्स होते. पक्षाच्या स्थानिक सभेत जॅक्सन यांच्यासाठी भाषण केलं म्हणून एका बाईने आपल्या थोबाडीत मारली, असं ते स्वतः सांगतात. म्हणजे नातं होतं. ते जुनं होतं, खरं होतं, पण जोपासलं गेलं नव्हतं.

अल्पसंख्याक म्हणजे एक गठ्ठा नव्हे, हे निराळं सांगायला नको. तरी दोन दाखले देतो. टेक्ससमधल्या सीमेलगतच्या स्टार काउंटीत जवळजवळ सगळी वस्ती मेक्सिकन वंशाची. १८९२ नंतर तिथे रिपब्लिकन उमेदवार अध्यक्षपदासाठी कधी जिंकला नव्हता. २०२४ मध्ये ट्रम्प जिंकले. सव्वाशेहून अधिक वर्षं हक्काचं म्हणून मिरवलेलं घर. दुसरा दाखला आपल्या माणसाचा. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार. ‘ही श्रींची इच्छा’ या त्यांच्या आत्मचरित्राच्या प्रती इथल्या निम्म्या घरांत असतील. २०१८ मध्ये ते मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत पुरोगामी म्हणून उतरले, स्वतःचे एक कोटीहून अधिक डॉलर ओतले आणि तिसरे आले. २०२२ मध्ये ते डेट्रॉइटमधून काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकी संसदेवर, गेले. त्या प्रायमरीत नऊ उमेदवार होते, बरेचसे कृष्णवर्णीय. मतं फुटली आणि ठाणेदार २८ टक्क्यांवर जिंकले. बहुसंख्य कृष्णवर्णीय असलेल्या डेट्रॉइटला १९५० च्या दशकानंतर प्रथमच काँग्रेसमध्ये कृष्णवर्णीय प्रतिनिधी उरला नाही. तिथल्या नेत्यांनी याची खंत उघड बोलून दाखवली. मराठी माणूस अमेरिकेच्या संसदेत गेला म्हणून आपण पेढे वाटले ते योग्यच केलं, पण त्याच दिवशी डेट्रॉइटमध्ये काय वाटलं असेल याचाही विचार करून पाहावा.

न्यूयॉर्कचं उदाहरण ताजं आहे. झोहरान ममदानी, कंपाला इथे जन्मलेला, मीरा नायर यांचा मुलगा, मुसलमान आणि स्वतःला लोकशाही समाजवादी म्हणवणारा. २०२१ मध्ये कर्जबाजारी टॅक्सीवाल्यांबरोबर हा पंधरा दिवस उपोषणाला बसला होता, आणि त्या टॅक्सीवाल्यांत पंजाबी, बांगलादेशी, पाकिस्तानी भरपूर. जून २०२५ मध्ये महापौरपदाच्या प्रायमरीत त्याने माजी गव्हर्नर अँड्र्यू कुओमो यांना हरवलं तेव्हा दक्षिण आशियाई वस्त्या त्याच्या पाठीशी उभ्या होत्या. पण ब्राउन्सव्हिल, ईस्ट न्यूयॉर्क अशा कृष्णवर्णीय वस्त्या कुओमोंकडे गेल्या. मला पुढचे चार महिने अधिक महत्त्वाचे वाटतात. ‘जिंकलोच आहे, आता काय’ असं न म्हणता तो रविवारामागून रविवार त्या वस्त्यांतल्या चर्चमध्ये जाऊन बसला. घरभाड्याचा मुद्दा त्याचा तोच होता, पण तिथे तो मांडला गेला तो पिढीजात घरं सोडून दक्षिणेकडे निघालेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांच्या संदर्भात. नोव्हेंबरमध्ये त्या वस्त्या त्याच्याकडे वळल्या. तो निम्म्याहून किंचित जास्त मतं घेऊन महापौर झाला. त्या वस्त्या नसत्या तर निम्मा आकडा गाठता आला नसता.

जिंकल्यानंतर काय करायचं, याचा धडा मात्र शिकागोत आहे. १९८३ मध्ये हॅरॉल्ड वॉशिंग्टन तिथले पहिले कृष्णवर्णीय महापौर झाले. आधी एक लाखाहून अधिक नव्या कृष्णवर्णीय मतदारांची नोंदणी झाली होती. प्रायमरीत दोन गोऱ्या उमेदवारांची मतं विभागली आणि ते ३६ टक्क्यांवर निसटले. त्यानंतर पिढ्यानपिढ्या डेमोक्रॅट असलेले गोरे मतदार एकदम रिपब्लिकन झाले. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, वॉशिंग्टन आणि माजी उपाध्यक्ष वॉल्टर माँडेल एका कॅथलिक चर्चमध्ये प्रार्थनेला गेले तर बाहेर जमलेल्या जमावाने त्यांना शिव्या घालून पिटाळलं. १२ एप्रिलला ते ५१.७ टक्क्यांवर जिंकले, सुमारे ४८ हजारांच्या फरकाने. नुसत्या कृष्णवर्णीय मतांवर ते शक्य नव्हतं. सरोवराकाठचे थोडे उदारमतवादी गोरे आणि मोठ्या प्रमाणात लॅटिनो, ज्यांनी प्रायमरीत त्यांना फारसं विचारलं नव्हतं, असे दोन्ही लागले.

महापौर झाले, पण नगरसभेत विरोधक २९ आणि आपले २१. प्रत्येक नेमणूक अडवली जाई. या माणसाने काय करावं? मार्च १९८५ मध्ये त्यांनी आदेश काढला की महापालिकेचा कोणताही कर्मचारी कोणालाही त्याच्या स्थलांतराच्या कागदपत्रांबद्दल विचारणार नाही. त्या आदेशाने कृष्णवर्णीयांना काडीचा लाभ नव्हता. तो होता लॅटिनोंसाठी, ज्यांना दवाखान्यात जायचीही भीती वाटे. दुसरीकडे प्रभागरचनेविरुद्धचा दावा न्यायालयात चालू होता, कारण जुन्या मंडळींनी लॅटिनो आणि कृष्णवर्णीय वस्त्या कापून-जोडून निष्प्रभ केल्या होत्या. न्यायालयाच्या आदेशाने १९८६ मध्ये सात प्रभागांत पुन्हा निवडणूक झाली. सव्विसाव्या प्रभागात लुईस गुटिएरेझ निवडून आले आणि सभागृह २५-२५ झालं. निर्णायक मत महापौरांचं. तीन वर्षं अडलेला कारभार सुरू झाला. पुरोगामी राजकारणाला अल्पसंख्याक मतदार का लागतो, या प्रश्नाचं माझ्याजवळचं सर्वांत चांगलं उत्तर हा सव्विसावा प्रभाग आहे. तिथल्या मतदाराने वॉशिंग्टन यांच्या विचारसरणीवर शिक्कामोर्तब केलं असं मी म्हणणार नाही. आपल्या वस्तीसाठी या माणसाने सत्तेतली जोखीम घेतली, हे त्याने पाहिलं होतं.

माझ्यासमोर उद्याच्या निवडणुकीत उतरू पाहणारी काही तरुण मंडळी बसली आहेत, त्यांच्यासाठी या कथेचा शेवट सांगून थांबतो. २५ नोव्हेंबर १९८७ रोजी वॉशिंग्टन आपल्या कचेरीत टेबलाशीच कोसळले आणि गेले. आघाडी त्यांच्या नावावर उभी होती, पुढची फळी कोणी बांधलेली नव्हती. आठवडाभरात, पहाटेपर्यंत चाललेल्या बैठकीत, जुन्या विरोधकांनी कृष्णवर्णीय नगरसेवकांतलेच काही जण फोडून आपल्या पसंतीचा महापौर बसवला. बाहेर हजारो लोक निषेध करत उभे होते. १९८९ च्या पोटनिवडणुकीत लुईस गुटिएरेझ रिचर्ड एम. डेली यांच्या बाजूला गेले. ज्यांना वॉशिंग्टन यांनी सहा वर्षांपूर्वी प्रायमरीत हरवलं होतं तेच हे डेली. ते जिंकले आणि २०११ पर्यंत, सलग बावीस वर्षं, शिकागोचे महापौर राहिले.